आई लागोसची की शिकागोची? बाळाच्या वजनातला फरक

सायली_इलिनॉय:

मी शिकागोजवळ नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली, हजार-बाराशे ग्रॅमची बाळं हे आमचं रोजचं काम. त्यांच्या आयांमध्ये कृष्णवर्णीय बायका फार जास्त असतात. देशाचे आकडेही तेच सांगतात. २०२२ साली अमेरिकेत कृष्णवर्णीय आयांच्या दर हजार बाळांमागे जवळपास ११ बाळं वर्षाच्या आत दगावली, गोऱ्या आयांची साडेचार. दिवसाआधीची बाळंतपणं कृष्णवर्णीयांत शंभरात साडेचौदा, गोऱ्यांत साधारण साडेनऊ.

आपल्या मंडळींत हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्यांच्या जीन्समध्येच असेल काहीतरी." शिकलेसवरलेले लोक म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. मला ते ऐकवत नाही, म्हणून हा धागा.

१९९७ साली रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या शिकागोच्याच दोन नवजाततज्ज्ञांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापला. इलिनॉय राज्यातले १९८० ते १९९५ या काळातले जन्मदाखले घेऊन त्यांनी आयांचे तीन गट केले: अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या, अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय आणि आफ्रिकेत जन्मून इथे आलेल्या कृष्णवर्णीय. बाळांचं सरासरी वजन अनुक्रमे ३४४६, ३०८९ आणि ३३३३ ग्रॅम निघालं. अडीच किलोच्या आतली बाळं गोऱ्यांत ४.३ टक्के, आफ्रिकेहून आलेल्यांत ७.१ टक्के, आणि इथल्या कृष्णवर्णीयांत १३.२ टक्के.

आता जीन्सचं बघा. इथल्या कृष्णवर्णीयांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. पुढच्या पिढ्यांत त्यांच्यात युरोपीय अंशही आला, सरासरीने पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक. लहान बाळ होण्याचं कारण आफ्रिकी रक्तात असतं, तर थेट आफ्रिकेतून आलेल्या बाईचं बाळ तिघींत सगळ्यात लहान भरलं असतं. ते तर गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ जाऊन बसलं.

म्हणजे रंग तोच, वंश तोच, बाळंतपण होतंय तेही त्याच राज्यात. वेगळं आहे ते आईचं बालपण आणि तरुणपण कुठे गेलं ते. मला वाटतं, या देशात कृष्णवर्णीय मुलगी म्हणून वाढण्याचीच किंमत पुढे तिच्या बाळाला मोजावी लागते. तुमची मतं वाचायला आवडेल, विशेषतः डॉक्टर मंडळींची.

---

अभय_दादर:

माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. जी बाई नायजेरियातल्या लागोसहून किंवा घानातल्या आक्राहून अमेरिकेत पोचते ती तिथली सरासरी बाई नसते. शिक्षण, पैसा, तब्येत या सगळ्या चाळण्यांतून गेलेली असते. आजारी, अशक्त बाई व्हिसाच्या रांगेत उभीच राहत नाही. भारतातून जाणाऱ्यांचंही तेच. मग निवडक निरोगी गटाची तुलना सबंध समाजाशी केली तर फरक दिसणारच. त्यातून वंशभेदाबद्दल काही सिद्ध होतं का?

---

सायली_इलिनॉय:

अभय, तुमची शंका रास्त आहे आणि संशोधकांनाही ती पहिल्या दिवसापासून होती. चाळणी लागते हे खरंच. पण दोन गोष्टी तिच्यात बसत नाहीत.

एक म्हणजे शिक्षण. फरक फक्त शिक्षणाचा आणि पैशाचा असता तर इथल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय बायका गोऱ्यांच्या बरोबरीला आल्या असत्या. १९९२ साली सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या संशोधकांनी आई आणि वडील दोघंही कॉलेज शिकलेले असलेल्या घरांतली बाळं पाहिली. तिथेही कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर हजारी १०.२ होता, गोऱ्यांचा ५.४. आणि हा जादाचा भार जवळपास सगळा कमी वजनाच्या बाळांमुळे होता. ज्यांचं वजन पुरेसं होतं त्यांच्यात फरक उरलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. कॉलिन्स आणि डेव्हिड यांनीच २००२ मध्ये इलिनॉयच्या दाखल्यांवरून पिढ्या जोडून पाहिल्या. युरोपातून आलेल्या गोऱ्या बायकांच्या मुली इथे जन्मल्या, त्या मुलींना पुढे मुली झाल्या, तेव्हा या नातींचं जन्मवजन त्यांच्या आयांच्या जन्मवजनापेक्षा वाढलेलं होतं. देश बदलला, खाणंपिणं सुधारलं, तर तसं व्हायलाच हवं. आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या नातींचं मात्र घटलं. एकाच पिढीत. चाळणी तर गोऱ्या स्थलांतरितांनाही लागली होती ना?

---

गोदाकाठ:

मी आकडेवारीत काम करतो. थोडी सावधगिरी सुचवतो, विरोध म्हणून नाही.

नातींचं वजन घटण्यात काही भाग निव्वळ सरासरीकडे परतण्याचा असू शकतो. निवडक लोकांची पुढची पिढी थोडी सर्वसाधारणाकडे सरकतेच. पण मग गोऱ्यांत उलटं का झालं, हा सायली यांचा प्रश्न उरतोच आणि तो वजनदार आहे.

"आफ्रिकेतून आलेल्या" हा शब्दही फार सैल आहे. नायजेरियाची फार्मासिस्ट आणि सोमालियाच्या निर्वासित छावणीतून मिनेसोटात आलेली बाई, दोघी एकाच रकान्यात. हैती, जमैका, त्रिनिदादच्या बायका पुन्हा निराळ्या. पुढे देशवार अभ्यास झाले त्यांत साधारण असं दिसतं की सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्यांची स्थिती सगळ्यात बरी, कॅरिबियनवाल्या मधे, आणि अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांमध्ये दिवसाआधीचं बाळंतपण सगळ्यात जास्त.

आणि युरोपात चित्र इतकं सरळ नाही. फ्रान्समध्ये सहाराच्या दक्षिणेकडून आलेल्या बायकांमध्ये मातामृत्यू तिथल्या फ्रेंच बायकांपेक्षा जास्त आढळले आहेत. ब्रिटनमध्ये २०१८ ते २० या काळात कृष्णवर्णीय बायकांचा मातामृत्यूचा धोका गोऱ्यांच्या ३.७ पट होता. म्हणजे स्थलांतर करून आलेली बाई कुठेही गेली तरी सुरक्षित, असं मानू नका. ती कुठल्या परिस्थितीत आली, तिथली भाषा तिला येते का, दवाखान्यात तिचं ऐकलं जातं का, यावर पुष्कळ काही ठरतं.

---

डॉ_मीनल_नाशिक:

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वंशभेदासारखी गोष्ट वारेपर्यंत, म्हणजे प्लासेंटापर्यंत, पोचते कशी, असं अनेकांच्या मनात असेल. त्यावर लिहिते.

माणूस सतत सावध राहिला, अपमानाची नाहीतर धोक्याची वाट बघत राहिला, की कॉर्टिसोलसारखी तणावाची संप्रेरकं वर राहतात. त्याचा रक्तदाबावर, साखरेवर, शरीरातल्या दाहावर परिणाम होतो. गरोदरपणात वार स्वतःही सीआरएच नावाचं संप्रेरक बनवते आणि ते लवकर वाढलं की कळा लवकर सुरू होण्याशी त्याचा संबंध दिसतो. रक्तदाब वाढलेला असला की वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी पडतो, बाळ वाढत नाही, आणि कधीकधी आईला वाचवण्यासाठी आम्हालाच दिवस भरायच्या आधी बाळ काढावं लागतं. "तणाव" म्हटलं की लोकांना तो मनाचा खेळ वाटतो. आम्ही तो रक्तदाबाच्या यंत्रावर बघतो.

मिशिगन विद्यापीठाच्या अर्लीन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये यासाठी "वेदरिंग" हा शब्द वापरला. ऊन-पाऊस-वाऱ्याने दगड झिजतो तसं शरीर वयाच्या आधी झिजतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हे सुचलं ते एका विचित्र आकड्यावरून. गोऱ्या बायकांत विशीतल्या आईचं बाळ किशोरवयीन आईच्या बाळापेक्षा जास्त सुरक्षित असतं, आपल्याकडेही आपण तेच शिकवतो. कृष्णवर्णीय बायकांत मात्र त्यांना उलटं दिसलं, विशीच्या मध्यावरच्या आयांची बाळं किशोरवयीन आयांच्या बाळांपेक्षा जास्त दगावत होती. गोऱ्या बाईचं शरीर ज्या वयात बाळंतपणासाठी उत्तम असतं, त्या वयापर्यंत हिचं शरीर झिजायला लागलेलं असतं.

शिकागोतच कॉलिन्स यांनी २००४ साली फार कमी वजनाच्या आणि पुरेशा वजनाच्या बाळांच्या कृष्णवर्णीय आयांना विचारलं होतं की नोकरी मिळवताना, कामावर, दुकानात, शाळेत वगैरे भेदभाव अनुभवलात का. तीन किंवा जास्त ठिकाणी अनुभवलेल्या बायकांमध्ये अशा बाळाची शक्यता अडीच पटीच्या आसपास निघाली.

---

कोकणस्थळ:

मला एक प्रामाणिक शंका आहे. मी ह्यूस्टनला राहतो. माझ्या ओळखीतले नायजेरियन फार मेहनती, कुटुंबवत्सल, चर्चला जाणारे, दारू-सिगारेट नाही. इथल्या अनेक कृष्णवर्णीय घरांत एकटी आई, व्यसनं, जंक फूड. फरक जीवनशैलीचा नसेल का? प्रत्येक गोष्ट वंशभेदावर टाकली की माणसाची स्वतःची जबाबदारी संपते.

---

सायली_इलिनॉय:

सवयींचा भाग अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. १९९० साली बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या अभ्यासात परदेशात जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायका सिगारेट, दारू कमी घेत होत्या आणि गरोदरपणाआधीचं त्यांचं पोषणही बरं होतं. पण ते सगळं हिशेबात धरल्यावरही त्यांच्या बाळांची वाढ बरी भरली.

आणि सिगारेटचंच म्हणाल तर २०१६ मध्ये अमेरिकेत गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्या गोऱ्या बायका १०.५ टक्के होत्या, कृष्णवर्णीय ६ टक्के. तरी कमी वजनाची बाळं कृष्णवर्णीयांना जास्त. तुम्ही मनात जे चित्र धरून बोलताय ते आकड्यांत नाही.

मी रात्रपाळीला ज्या आया बघते त्यांत शिक्षिका आहेत, बसचालक आहेत, वकीलही आहेत. टाके ओले असताना दर तीन तासांनी दूध काढून आणतात, काचेच्या पेटीत हात घालून बाळाच्या पावलाला बोट लावून बसतात. त्यांच्याकडे बघून "जबाबदारी" हा शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. आणि चांगले स्थलांतरित विरुद्ध आळशी स्थानिक, ही गोष्ट आपल्याला गोड वाटते कारण तिच्यात आपणही चांगल्यांच्या बाजूला बसतो. कृपया या धाग्यावर ती नको.

---

रेवा_एडिसन:

सायली, खूप बरं वाटलं हे वाचून.

माझ्या ऑफिसमधली कृष्णवर्णीय मैत्रीण इथल्याच जॉर्जिया राज्यात जन्मलेली, एमबीए, उत्तम विमा. बाळंतपणानंतर चार दिवसांनी डोकं फुटेल इतकं दुखतंय म्हणून दवाखान्यात फोन केला तर "झोप झाली नसेल, गोळी घ्या" म्हणून ठेवून दिला. नवऱ्याने उचलून दुसरीकडे नेलं तेव्हा रक्तदाब भयंकर वाढलेला निघाला. ती वाचली. २०१७ साली टेनिसपटू सेरेना विल्यम्सलासुद्धा फुप्फुसात गुठळी झाल्याचं स्वतः ओळखून तपासणीसाठी आग्रह धरावा लागला होता. तिचं हे, तर बाकीच्यांचं काय?

मला पडलेला प्रश्न आपल्याबद्दलचा आहे. माझी मुलगी दिवस पूर्ण भरून २६०० ग्रॅमची झाली. डॉक्टर काळजीत, माझी आई मात्र म्हणाली, "अगं, आपल्याकडची बाळं अशीच असतात." आपल्या शिकलेल्या, पोटभर खाणाऱ्या बायकांची बाळं लहान का? तिथेही वंशभेद म्हणायचं का?

---

डॉ_मीनल_नाशिक:

रेवा, तिथे गोष्ट बरीच वेगळी आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन आणि भारतीय स्थलांतरित आयांची तुलना छापून आली. मेक्सिकन बायका गरीब, कमी शिकलेल्या, तरी बाळं चांगल्या वजनाची. भारतीय बायका सगळ्यात शिकलेल्या, तपासण्या वेळेवर, तरी कमी वजनाची बाळं जास्त.

याचं मूळ शोधायला अमेरिकेत जायला नको. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २७०० ग्रॅमच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या जवळ. बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. स्नायू, पोटातले अवयव यांत कमी, चरबीत मात्र तितकं कमी नाही. पुढे मधुमेहाचा धोका तिथूनच सुरू होतो असं ते मांडतात. त्यामुळे तुझ्या आईचं वाक्य आकड्यांत बरोबर असलं तरी त्यावर निर्धास्त राहू नकोस. आईची उंची, तिचं स्वतःचं जन्मवजन, बी-१२ जीवनसत्त्व, गावाकडचे कष्ट, हे सगळं त्यात आहे. आपल्या आज्यांचं पोषण आपल्या बाळांच्या वजनात उतरतं.

---

अभय_दादर:

मी माझी शंका अर्धी मागे घेतो. पण वंशभेद मोजायचा कसा, हे अजून पटत नाही. प्रश्नावलीत "भेदभाव झाला का" विचारलं तर ज्याचं बाळ दगावलंय तो माणूस मागचं सगळं वेगळ्या नजरेने आठवणार.

---

गोदाकाठ:

अगदी योग्य आक्षेप. म्हणूनच मला आठवणींवर न विसंबणारे अभ्यास जास्त पटतात. दोन सांगतो, दोन्ही कृष्णवर्णीयांबद्दल नाहीत, पण मुद्दा तोच आहे.

११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सहा महिन्यांत कॅलिफोर्नियात अरबी नावाच्या बायकांना झालेली बाळं आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांतल्या बाळांशी ताडून पाहिली. कमी वजनाचा धोका सुमारे एकतृतीयांशाने वाढला होता. इतर बायकांत तसं झालं नाही. आणि २००८ साली आयोवातल्या पोस्टव्हिल गावी मांस कारखान्यावर इमिग्रेशनचा मोठा छापा पडला. त्यानंतरच्या ३७ आठवड्यांत राज्यभरातल्या लॅटिनो बायकांत कमी वजनाच्या बाळांचा धोका २४ टक्क्यांनी वाढला, अमेरिकेत जन्मलेल्या लॅटिनो बायकांतही. कुणालाच काही आठवायला सांगितलं नव्हतं. फक्त दाखल्यावरच्या तारखा आणि वजनं होती. भीतीचे सहा महिने इतकं करत असतील तर आयुष्यभराचं काय?

उलट बाजूही सांगायला हवी. २०२० मध्ये फ्लोरिडाच्या आकड्यांवरून एक शोधनिबंध गाजला की कृष्णवर्णीय डॉक्टर असेल तर कृष्णवर्णीय बाळं कमी दगावतात. अगदी कोर्टापर्यंत त्याचे दाखले दिले गेले. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि दीड किलोच्या आतली बाळं नीट हिशेबात धरल्यावर तो परिणाम जवळपास नाहीसा झाला. अशा निष्कर्षांवर धोरणं बांधली की नंतर खरा मुद्दाही लोक फेटाळून लावतात.

---

अभय_दादर:

हे पटलं. अरबी नावांचं माहीत नव्हतं. यावर उपाय काही झालेत का?

---

सायली_इलिनॉय:

झालेत, आणि त्यांची मर्यादाही दिसली आहे. कॅलिफोर्नियात २००६ पासून दवाखान्यांनी एकत्र येऊन रक्तस्राव, रक्तदाब यांसाठी ठरावीक पद्धती लावल्या. पुढच्या सातएक वर्षांत तिथले मातामृत्यू निम्म्यावर आले. कृष्णवर्णीय बायकांचेही कमी झाले, पण गोऱ्यांशी असलेलं अंतर तसंच राहिलं. दवाखान्याच्या आत जे सुधारता येतं ते सुधारलं. जी झीज घेऊन बाई दारात येते ती तिथे भरून निघत नाही. म्हणून मला घर, वस्ती, पगार, पोलिसांची वागणूक हे सगळं बाळंतपणाच्या फायलीतलंच वाटतं.

मेडिकेडचं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, संरक्षण पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपायचं. २०२१ मध्ये इलिनॉयला सगळ्यात आधी ते वर्षभर वाढवण्याची मंजुरी मिळाली, आता बहुतेक राज्यांत आहे. रेवाच्या मैत्रिणीसारखे प्रसंग घरी गेल्यावर घडतात, त्यामुळे हे फार मोलाचं आहे.

---

रेवा_एडिसन:

एक शेवटचं विचारते. माझी शेजारीण घानाची आहे, लग्न होऊन इथे येऊन बारा-तेरा वर्षं झाली, आता दिवस गेलेत. तिला वाटतं, "हे सगळं इथल्या बायकांचं, मी तर बाहेरची." तिला काय सांगू?

---

सायली_इलिनॉय:

तिला बॉस्टनच्या २०२१ च्या अभ्यासाबद्दल सांग. परदेशात जन्मलेल्या कृष्णवर्णीय बायकांना प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराचा, धोका इथल्यांपेक्षा कमी होता, पण फक्त इथे येऊन दहा वर्षं व्हायच्या आत. दहा वर्षांनंतर फरक उरला नाही.

तेव्हा तिने पहिल्या तिमाहीतच डॉक्टरांना कमी मात्रेच्या अ‍ॅस्पिरिनबद्दल विचारावं. इथल्या २०२१ च्या शिफारशीत बारा आठवड्यांनंतर ती सुरू करायची असते. धोका ठरवायच्या यादीत कृष्णवर्णीय असणं हा एक मुद्दा धरलेला आहे, आणि त्यापुढे कारण जैविक नसून सामाजिक असल्याचं स्पष्ट लिहिलंय. पहिलं बाळंतपण, पस्तिशी, जास्त वजन असे मुद्दे सोबत असतील तर विचारणं आणखी गरजेचं. गोळी स्वतःहून सुरू करू नये. घरी रक्तदाबाचं यंत्र घ्यावं, आणि बाळंतपणानंतरचे दोन आठवडे तरी रोज मोजावा. १४०/९० च्या वर गेला की त्याच दिवशी फोन, १६०/११० च्या वर किंवा डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी. "मी नुकतीच बाळंत झालेय" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. आणि फोनवर झोपेचं कारण देऊन ठेवून दिला, तर तू तिच्याबरोबर जा.

---

रेवा_एडिसन:

आजच संध्याकाळी जाते तिच्याकडे. यंत्र माझ्याकडे आहे, तेच देते.